दोऱ्यानं बांधलेली फुलं

मी भोपळ्याची वेल बोलतेय. वेळ थोडाच आहे. मला एका जाड पिशवीत कोंबलंय आणि शेजारी वाफेची भट्टी तापतेय.

माझा जन्म मातीत झाला नाही. काचेच्या बशीत, पानाच्या एका तुकड्यापासून मला वाढवलं. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी मातीतल्या एका जिवाणूला कामाला लावलं आणि त्याच्याकरवी एका रानवेलीचं जनुक माझ्यात घातलं. भुरी रोग मला शिवू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. पानांवर ती पांढरी भुकटी चढली की आमच्या जातीची वेल बघता बघता वाळते. माझ्यापुढे मात्र भुरीची डाळ शिजली नाही.

त्याचं बक्षीस काय, तर कोंडवाडा! काचेची खोली, एकामागे एक दोन दारं, खिडक्यांना बारीक जाळी. माझे पराग बाहेरच्या भोपळ्यांत मिसळू नयेत म्हणून मॅडम उमलायच्या आदल्या संध्याकाळीच माझ्या कळ्यांची तोंडं दोऱ्यानं बांधायच्या. तोंड बांधून उमलून बघा एकदा! सकाळी दोरा सोडायचा, नरफुलाचे पराग मादीफुलाला लावायचे, की पुन्हा गाठ. त्यांच्या बोटांचा मला राग यायचा आणि त्यांची वाटही मीच बघायचे.

परवा एक कळी बांधायची राहिली. सकाळी त्या फुलात मधमाशी! कुणाच्या तरी कपड्यांबरोबर आत आली असावी. फुलात लोळून झाल्यावर ती जाळीवर धडका द्यायला लागली. आत आलेला किडा मारायचा, हा मॅडमचाच दंडक. पण त्या दिवशी माझी हिरवीगार पानं बघून स्वारी खुशीत होती. त्यांनी माशीला कागदी पेल्यात धरलं आणि बाहेर नेऊन सोडून दिलं. मला त्या माशीचा फार हेवा वाटला.

परत आल्यावर त्यांनी पेल्यात पाहिलं. तळाशी पिवळे पराग. म्हणजे माशीच्या अंगाला लागून माझे पराग बाहेर गेले होते.

"एवढीशी माशी," झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या. "कुणाला कळणार आहे? गप्प बसा की."

"मला कळलंय ना, मावशी."

"सांगितलंत तर वेल भट्टीत घालायला लावतील. अहो, पोटच्या पोरीसारखी वाढवलीत!"

 मॅडमनी वरिष्ठांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पराग बाहेर गेले की आतलं सगळं नष्ट करायचं, असा तिथला नियम आहे.

आज कात्री घेऊन त्याच आल्या. आधाराला विळखा घालणारे माझे ताणे जाळीला घट्ट धरून बसलेले. ओढून तोडले असते तरी चाललं असतं, पण त्या एकेक ताणा बोटांनी उलगडत बसल्या. "सोड गं आता," असं पुटपुटत होत्या. मला धरायला येतं, सोडायला येत नाही. शेवटी त्यांनी कात्री चालवली.

अंगणातून नेताना पिशवीला ऊन लागलं. बाहेर आले, तीही अशी. मला भीती वाटतेय.

भट्टीचं दार उघडलं वाटतं. अहो मावशी, मॅडम बाहेर भिंतीला टेकून उभ्या असतील. आज त्यांना एकटीला घरी जाऊ देऊ नका.