टोपीवरचा डाग

"टोपी काढ आधी. दवाखान्यात आलायस, बसस्टँडवर नाही," वेलिका म्हणाली.

दोब्रीने टोपी काढून नवऱ्याच्या हक्काने तिच्या पलंगावर ठेवली आणि पिशवीतून चीज भरून भाजलेली बानित्सा काढली. एका बाजूने करपलेली, दुसरीकडून कच्ची. सगळ्या संसारात या माणसाने कधी कॉफीसुद्धा उकळली नव्हती, आणि आता तिच्यासाठी पहाटे उठून पीठ लाटत होता. वेलिकाला भरून आलं. तिने करपलेला तुकडा मुकाट्याने तोंडात टाकला.

"करकोचे आले?"

"छे! खांब रिकामाच आहे," दोब्री खिडकीबाहेर बघत म्हणाला. "यंदा उशीर करतायत. आफ्रिकेत कुणाच्या लग्नाला थांबले असतील."

वेलिका गावात सायकलवरून पत्रं वाटायची. घराच्या फाटकाशी विजेचा खांब होता. वसंतात त्यावर करकोच्यांची जोडी उतरली, की गावात सगळ्यांत आधी तिलाच दिसायची. मग दोब्रीने एक मार्चला तिच्या मनगटावर बांधलेला लाल-पांढरा दोरा ती रीतीप्रमाणे सोडायची आणि अंगणातल्या फुललेल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधायची. यंदा तो दोरा तिने प्लोवदिव शहरातल्या या वॉर्डातच बांधून घेतला होता. "करकोच्यांच्या आधी मी घरी येते बघ," असं तेव्हा ठणकावून सांगितलंही होतं.

हाडांच्या मज्जेतला तिचा कॅन्सर औषधांनी दबला होता. त्याच्या पेशी रक्तात नसतील तर आज घरी. असतील तर पुन्हा जबर औषधं.

पदर नीट करावा तशी तिने चादर सारखी केली, आणि तिची नजर टोपीवर गेली. कडेला पांढरा डाग होता, अजून ओलसर. फाटक उघडताना करकोचे दोब्रीला दर वर्षी हा आहेर द्यायचे, आणि ती पोट धरधरून हसायची.

ती बोलणारच होती. पण दोब्री अजून खिडकीबाहेरच बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलला की त्याचे कान असेच व्हायचे.

तेवढ्यात डॉक्टर विदिनोवा आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"वेलिका काकू, पेशी सापडल्या. थोड्याच आहेत, पण हाडांतून निघून रक्तात फिरतायत."

"फिरणारच. माझ्याच ना त्या? मी तरी जन्मात कधी एका जागी बसले!"

डॉक्टर हसल्या.

"म्हणजे घरी नाही?" वेलिकाने विचारलं.

"आत्ता नाही. औषध बदलू. उन्हाळा जाईल त्यात."

"आणि मग?"

"मगचं मला आज सांगता येत नाही, काकू. उगाच गोड बोलणार नाही."

डॉक्टर गेल्या. दोब्री पिशवी हातात धरून तसाच बसला.

"तू आल्याशिवाय येत नाहीत गं ते," तो कसाबसा म्हणाला. "कळतं त्यांना."

वेलिकाने टोपीकडे पाहिलं.

"हो ना. सांग त्यांना, घाई नको म्हणावं."

भेटीची वेळ संपली. दोब्रीने टोपीकडे हात नेला, पण वेलिकाने ती आधीच उचलली होती. रुमालाचं टोक पेल्यात बुडवून ती डाग घासू लागली.

"काय करतेस?"

"धूळ किती बसलीय! बायको घरात नसली की नुसता गबाळा होतोस."

डाग निघाला. तिने टोपी त्याच्या डोक्यावर सरळ बसवली, आणि मनगटावरचा भिजलेला दोरा, न सोडताच, बाहीखाली सारला.