शेवटचे चार आकडे

सोनाली कोळेकरने सूड घ्यायचं ठरवलं तेव्हा तिच्या हाताशी भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर आणि भरपूर वेळ, एवढंच होतं. दोन्ही व्यवस्थापक अनिलकुमार साहेबांच्या कृपेने मिळालेले.

सोलापूरच्या त्या शेळी-मेंढी संस्थेत नऊ लाख जनावरांची नोंद. प्रत्येकाच्या कानात बारा आकडी बिल्ला. बाजाराला न्यायच्या आधी खिडकीवर बिल्ला सांगायचा, लस टोचलीय का ते कॉम्प्युटर बघणार, मग पास. आता बारा आकडे कोण लक्षात ठेवतो? मेंढपाळ शेवटचे चार सांगतो आणि गाव. कॉम्प्युटरमधली यादी मात्र पहिल्या आकड्यापासून लावलेली. त्यामुळे बिचारा कॉम्प्युटर एका मेंढीसाठी नऊच्या नऊ लाख जनावरं हुंगत बसे. पाऊण मिनिट.

दोन वर्षांपूर्वी सोनालीने टिपण दिलं होतं: शेवटच्या चार आकड्यांचा वेगळा इंडेक्स, म्हणजे त्या आकड्यांनी लावलेली सूची, करू, शंभरेक नोंदींत काम आटपेल. साहेबांनी ते भर बैठकीत वाचलं.

"म्हणजे मेंढी आता शेपटीकडून धरायची म्हणता?"

बैठक पोट धरून हसली. साहेबांनी नवा सर्व्हर मागवला, सोनालीला बिल्ल्यांच्या गोदामात पाठवलं आणि तिच्या सेवापुस्तकात 'आकलन कमी' असं लिहिलं. सर्व्हरला हार घातला, नारळ फोडला. पाऊण मिनिटाची चाळीस सेकंदं झाली. साहेबांनी पाच सेकंदांच्या बचतीबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं.

नोंदींची आठवड्याची प्रत ठेवायला गोदामातच येई. सोनालीने ती भंगारातल्या कॉम्प्युटरवर चढवली आणि इंडेक्स केला. एका ओळीचं काम. मग तीन आठवडे तोंड मिटून बसली. वार्षिक सभा यायची होती.

सभेत साहेब सर्व्हरवर बोलत असताना ती तो डबडा ढकलगाडीवर घालून आत आली.

"सर, एक शोध घेऊन दाखवा की. दगडाबाई, तुमच्या मेंढीचा नंबर?"

"चार शून्य सात दोन. मैंदर्गी," सभासदांतली मेंढपाळ दगडाबाई म्हणाली.

साहेबांनी आणि सोनालीने नंबर एकदमच टाकला. सोनालीने बोट उचलायच्या आत उत्तर आलं. मंचावरच्या पडद्यावर चक्र फिरत राहिलं. तीनशे माणसं ते फिरणं बघत होती.

"आवो सायेब," दगडाबाई मागून म्हणाली, "तवर कोकरू घालंल की ती!"

अध्यक्ष निंगप्पांनी जुनं टिपण मागवून वाचलं. मग चष्मा काढला. "काय पायजे पोरी तुला? बढती?"

"नको, अण्णा. साहेबांना महिनाभर खिडकीवर बसवा. नव्या सर्व्हरवर. शेजारच्या खिडकीत मी, या डबड्यावर. यात फक्त माझी एक ओळ जास्त आहे."

"आनि तुजी ती वळ सर्व्हरला न्हाई घालनार?"

"साहेबांनी लेखी मागितली की लगेच."

सभेने टाळ्या वाजवून मंजुरी दिली.

पहिल्याच दिवशी सगळी रांग सोनालीकडे सरकली. साहेबांपुढे उरली दगडाबाई. तिचा पास सोनालीकडून कधीच झाला होता. ती शेंगा सोलत मुद्दाम तोच नंबर पुन्हा पुन्हा सांगत होती. "पंखा चांगला हाय हितं. तुमी सावकाश हुडका."

अकराव्या दिवशी साहेबांचा अर्ज आला. सोनालीने तो शांतपणे वाचला.

"ओळ का हवी ते लिहिलं नाही, सर. ती काय करते, तेही लिहा. सोप्या भाषेत."

साहेबांनी लिहिलं, 'वेग वाढतो.' अर्ज परत. 'कॉम्प्युटर हुशार होतो.' परत. तिसऱ्यांदा कुणाला तरी फोनवर विचारून लिहिलं. तेही परत, कारण फोनवाल्यालाही कळलं नव्हतं. शेवटी साहेब चार दिवस स्वतः पुस्तक घेऊन बसले. विसाव्या दिवशी बरोबर लिहून आणलं: यादी ज्या टोकाने लावली, त्याच टोकाने शोधलं तर सापडतं, नाहीतर सगळी चाळावी लागते.

सोनालीने लाल शाईने बरोबरची खूण केली, ओळ घातली. सर्व्हर पळायला लागला. साहेब सुटकेचा निःश्वास टाकून खुर्चीवरून उठले.

"बसा सर," ती म्हणाली, "महिन्याला अजून दहा दिवस आहेत."