वरची कडी

दिवसातून वीसदा तरी रोहिणी म्हणायची, "बाबा, दार लावा." सासऱ्यांना जेवलेलं आठवत नसे, सुनेचं नाव आठवत नसे, पण हे एवढं मात्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्या सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला. गॅसवर दूध, पाळण्यात दहा महिन्यांचा रुद्रेश. चार पोया घ्यायला असा कितीसा वेळ? ती फाटकाशी पोचली आणि मागे खट् झालं. यशवंतबाबांनी आतून वरची कडी घातली होती.

मागच्या दाराला कुलूप, किल्ली फ्रिजवर. जनेलांना गज. बाबा कुठे निघून जाऊ नयेत म्हणून डिचोलीतलं हे तीन खोल्यांचं घर तिने सहा महिने खपून असं बंदोबस्तात ठेवलं होतं, की आता तिलाच आत शिरता येईना.

"बाबा, कडी काढा ना! मी रोहिणी!"

बाबा जनेलाशी आले. "घरात कोण नाय. मागीर ये, सांजेक," म्हणाले आणि आत वळले.

दूध उतू जाईल, ज्योत विझेल, गॅस कोंडेल. हाक मारावी, तर सगळ्या वाड्याला कळेल. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला तेव्हाच बजावलं होतं, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. पण नवरा, दीपक, वास्कोच्या बंदरात कामाला, घरी फक्त रविवारी. त्याचं एकच टुमणं. "वाड्यावर बोलू नको. वेड घराण्यातच आहे म्हणत उद्या आपल्या पोराकडे बोट दाखवतील." म्हणून शेजारच्या शेवंती काकी आल्या की रोहिणी दारातूनच सांगायची, "बाबा झोपलेत."

आत रुद्रेश रडू लागला.

"काकी!" ती किंचाळली. "शेवंती काकी, धावा!"

काकी मासळी कापता कापता उठून आल्या. हाताला खवलं तशीच. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. क्लीनर ट्रकच्या फाळक्यावर मारतो तशा दोन थापा त्यांनी दारावर हाणल्या.

"यशवंता! रे यशवंता! गाडी भरली. जेटीर बार्ज लागली हा. चल भायर!"

आत खाकरण्याचा आवाज. चपला सरपटल्या. "इलंय रे, इलंय..." आणि कडी निघाली.

दूध ओट्यावरून जमिनीवर आलेलं, ज्योत विझलेली, वास सुटलेला. तिने बटण बंद केलं, पोराला उचललं आणि पायरीवर येऊन बसली.

"बाबांचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"गो, चवथीक तो माझ्या घोवाची चौकशी करून गेलो. दोघांनी खाणीर एकत्र ट्रक चलयले. घोव जावन माका नव वर्सां झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू दार लावतंस. आमी कोणाक सांगतले?"

दुपारी दीपकचा फोन आला. ऐकून घेतल्यावर त्याने पहिलं काय विचारलं, तर, "कोणाला कळलं नाही ना?"

समोर काकींच्या पडवीत बाबा गाडी भरायची वाट पाहत बसले होते. रुद्रेश काकींच्या मांडीवर.

"सगळ्यांना कळलंय. आधीपासूनच. आणि मागच्या दाराची एक किल्ली मी काकींकडे दिलीय."

तिने फोन ठेवला.

"जा, निवांत न्हावन घे," काकींनी तिला पिटाळलं. न्हाणीत तिने दोन तांबे अंगावर घेतले आणि तिसऱ्याला हात थांबला. बाहेर काही वाजलं का? काही नव्हतं. तिने पुन्हा पाणी घेतलं. न्हाणीच्या दाराला कडी मात्र तिने घातलीच नव्हती.