धोंड्याच्या महिन्यातलं ताट

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. मी आईकडून शिकलेलं व्रत धरलं. महिनाभर दिवसातून एकदाच जेवायचं, आणि तेही मुक्यानं. पहिल्या घासापासून हात धुईपर्यंत तोंडातून शब्द निघाला, की ताटावरून उठायचं. मग त्या दिवशी पुन्हा अन्न नाही. चहा-पाण्याची तेवढी मुभा.

ऐकायला सोपं वाटतं. पण घरातल्या बाईला जेवताना किती जण बोलायला लावतात, हे मला या अठरा दिवसांत कळलं. एकदा सिलेंडरवाला आला, त्याला "थांब" म्हणाले. एकदा आमच्या ह्यांनी विचारलं, "माझा चष्मा कुठं आहे गं?" मी सवयीनं म्हणून गेले, "डोक्यावर." चार वेळा अशी अर्ध्या ताटावरून उठले. काल गच्चीवर कपडे वाळत घालताना डोळ्यांपुढं अंधारी आली. कठड्याला धरून खाली बसले, ते हे वर येईपर्यंत उठताच येईना.

"उद्या पोटभर जेवली नाहीस, तर तुझं व्रत माझ्या हातानं सोडवतो," हे म्हणाले.

हे रागावत नाहीत सहसा. मलाही आतून भीती वाटली होतीच. अजून बारा दिवस काढायचे, तर अंगात बळ पाहिजे. आज पूर्ण जेवायचं, असं देवापुढं दिवा लावतानाच ठरवलं.

सकाळ नेहमीसारखीच सरली. नऊला लाईट गेली ती अकराला आली. दोन तास पंखा बंद, त्यात पोळ्या. पदर घामानं मानेला चिकटलेला. पण ह्यांचे धाकटे भाऊ, सांडूभाऊजी, यांनी पैठणहून एसटीत घालून गावरान आंब्यांचं खोकं पाठवलं होतं. आंबे पाण्यात टाकून ठेवले, मग एकेक हातानं पिळला. कोयीला चिकटलेला रस बोटानं ओढून घेताना सगळ्या घरात वास सुटला. आपल्याला अजून खायचं नाही, हे माहीत असूनही त्या वासानं बरं वाटलं. लाईट आल्यावर कूलर लावला. ओल्या वाळ्याची पहिली झुळूक अंगावर आली, आणि मी नुसती दोन मिनिटं त्याच्यापुढं उभी राहिले.

आज आठव्या दिवशी नळाला पाणी येणार होतं. गल्लीचं पाणी सोडणारा कडुबा सकाळी दारावरून सांगून गेला होता, "चारच्या आधी नाय येत, मावशी. निवांत झोपा."

तरी मी नळ उघडाच ठेवला होता. आमच्याकडं सगळेच ठेवतात. पाणी यायच्या आधी नळातून हवा सूं सूं करते, तेव्हाच कळतं. नळाला पाईप लावलेला होता, पण त्याचं दुसरं टोक हौदात नव्हतं. कडुलिंबाची पानं पडतात म्हणून सकाळी हौदावर लोखंडी झाकण ओढलं, आणि पाईप अंगणात तसाच टाकून दिला. चारला बघू म्हटलं.

ह्यांना साडेबाराला वाढलं. ते जेवून कूलरपुढं आडवे झाले. मी देवाला नैवेद्य दाखवला, गाईचा घास काढला, ताटाभोवती पाणी फिरवलं. रसाच्या वाटीत तुपाची धार सोडली. घास तोंडात घातला. गोड, जरासा आंबूस, वरून सुंठ. दुसरा घास घेतला.

आणि अंगणात नळ सूं सूं करायला लागला.

तिसऱ्या घासाला पाणीच आलं. स्वयंपाकघराच्या दारातून मला सगळं दिसत होतं. पाईप फरशीवर पडल्या पडल्या ओकत होता. आठ दिवसांचं पाणी माझ्या तुळशीला वळसा घालून फाटकाखालून गल्लीत चाललं होतं.

उठावं, तर ताट गेलं. बोलावं, तरी ताट गेलं. मी बाजूची रिकामी वाटी जमिनीवर आपटली. कूलरच्या घरघरीत ह्यांना काय ऐकू येणार? मग पेल्यावर चमचा वाजवला, जोरजोरात. तेव्हा हे डोळे चोळत दारात आले.

"काय पाहिजे? मीठ?"

मी मान हलवली. हातानं अंगण दाखवलं.

"लोणचं? उन्हात ठेवलंय का बाहेर?"

मी पुन्हा हात केला.

"मांजर आलं?"

देवा! पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला माझ्या एका हाताचा अर्थ लागत नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून सगीराभाभी ओरडल्या. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर.

"आशाबाई! ओ आशाबाई! पानी जा रहा तुमचा! अख्खी गल्ली न्हाली की!"

हे तसेच अनवाणी धावले. पाईप उचलला आणि एका हातानं हौदाचं झाकण ओढायला लागले. झाकण जड. ते एकदम सरकलं, हौद उघडा पडला, आणि ओल्या शहाबादीवर ह्यांचा पाय सटकला. थेट हौदाच्या तोंडाकडं.

"अहो, मागं सरका!"

हे धपकन मागं बसले. धोतर भिजलं, कोपर खरचटलं. बाकी काही नाही. पाईप मात्र बरोबर हौदात पडला.

ओरडले होते मीच. माझा हात रसाच्या वाटीत तसाच होता.

मग बसल्या जागेवरून हे म्हणाले, "मी नाही ऐकलं काही. पाण्याचा लई आवाज आहे. जेव तू."

भिंतीवरून सगीराभाभींचं डोकं वर आलं. "मैं भी नहीं सुनी. मला तर या कानानं येतच नाही ऐकू."

"परवा तर आमच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून सांगत होतात," हे म्हणाले.

"वो दूसरा कान है, भाऊ. आशाबाई, खाव चुपचाप. रस गरम होईल."

दोघं माझ्याकडं बघत होते. पोटात आग पडली होती. घास उचलला असता, तर जगात कोणाला कळणार होतं?

"मी ऐकलं ना," मी म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

सगीराभाभी खाली उतरल्या. उष्टं ताट मी बाजूला ठेवलं. बाहेर येऊन ह्यांच्या कोपराला हळद लावली. हौदात पाणी पडत होतं, पण धार बारीक झाली होती. मी पायरीवर बसले. पाय गार फरशीवर टेकवले. डोकं गरगरत होतं, आणि मला उगाच रडू येत होतं.

हे आत गेले, चहा करून घेऊन आले. साखर दुप्पट. पहिल्यांदाच केला असावा, पत्ती तरंगत होती. मी पिऊन टाकला.

"उद्या मी झोपणार नाही," हे म्हणाले.

"उद्या कुठं पाणी असतंय? जागून काय करणार?"

"तुझ्या ताटासमोर बसतो. कोणी आलं, फोन वाजला, काही झालं, तर मी बोलीन. तू मान वर करायची नाही."

"आणि तुमचाच पाय घसरला तर?"

"बसलेल्या माणसाचा कसा घसरेल?"

मी हौदात वाकून बघितलं. पाणी निम्म्यालाही आलं नव्हतं आणि नळ पुन्हा हवा ओढायला लागला होता.

"बघू," मी म्हणाले. आता बोलायला मी दिवसभर मोकळीच होते.