कुसळं टाकायची जागा

सरूबाईने रांगेतली एक काडी दोन बोटांत धरून ओढली. ओढायची गरजही नव्हती. काडी तिचीच वाट बघत असल्यासारखी वर आली. मुळाला मातीचा कण नव्हता. तिने दुसरी काढली, तिसरी काढली आणि तिन्ही काड्या बाळासो मुकादमाच्या नाकासमोर धरल्या.

"ह्ये काय हाय?"

"गवत," बाळासो म्हणाला.

"आन् हितं आधी काय व्हतं?"

बाळासोने नाल्यावरच्या पुलाकडे बघितलं. पुलाने काही मदत केली नाही.

"त्ये बी गवतच, आक्का. पर त्ये आपोआप आल्यालं. ह्ये मंजूर झाल्यालं हाय."

दिवाळीला चार दिवस ती लेकीकडे यवतला गेली होती. तेवढ्यात रस्त्याच्या भरावाचा निम्मा उतार खरडून झाला होता. हजामत केल्यासारखा मुरूम उघडा पडला होता, त्यावर सुतळी धरून एकाच गवताच्या काड्या टोचल्या होत्या आणि कडेने चुना दिलेले दगड मांडले होते. नेमका विहिरीच्या वरचा निम्मा.

शिरूरहून दौंडकडे जाणारा हा रस्ता नाल्यापाशी दोन पुरुष उंच भरावावरून जातो. भरावाच्या पायथ्याशी बौद्धवाड्याची विहीर आहे. बहात्तरच्या दुष्काळात गावाने आपल्या विहिरीच्या रहाटाला हात लावू दिला नाही, तेव्हा वाड्याने ती स्वतः खणली. पुढच्या पहिल्याच जोराच्या पावसात भरावाचा मुरूम घसरून तिच्यात आला आणि वाड्याने ती दुसऱ्यांदा खणली. सरूबाईचा नवरा हौशीराम या रस्त्यावर मैलकुली होता, वाट्याच्या मैलाची निगा राखणारा. दुसऱ्या खणतीत छातीत कळ आली म्हणून तो जरा टेकला, तो टेकलाच. त्याच्या जागी बांधकाम खात्याने सरूबाईला घेतलं. पुढे खात्याने मैलाचे दगड काढून किलोमीटरचे लावले. मैलकुली मात्र मैलकुलीच राहिली.

दुष्काळातली जनावरांची छावणी मोडली, तेव्हा तिथला शेणकूर आणि चाऱ्याचा चुरा सरूबाईने टोपल्यांनी आणून उतारावर ओतला. चारा ट्रकांनी कुठून कुठून आलेला, त्यामुळे उगवलंही कुठलं कुठलं. मारवेल, पवन्या, कुसळी, तरवड, रानमूग, आघाडा आणि तिलाही नावं ठाऊक नसलेलं बरंच काही. कुणाची मुळं वरच्यावर जाळं विणायची, कुणाची खोल जाऊन मुरूम धरायची, शेंगांचे वेल खालच्या जमिनीला खाऊ घालायचे. बी सांडल्याशिवाय ती विळा लावू द्यायची नाही. संध्याकाळी उतारावर बसून लुगड्याच्या काठात रुतलेली कुसळं वेचायची, बोडकी जागा बघून टाकायची आणि टाचेने दाबायची. चौथ्या वर्षी मुरूम काळा पडला आणि त्यात गांडूळ निघालं. ते तिने ओंजळभर मातीसकट वाड्यात घरोघर दाखवलं, नातू झाल्यासारखं. तेव्हापासून विहिरीत खडा पडला नव्हता.

आता उतार सुशोभनाची योजना आली होती. इतकी गवतं एका उतारावर, कुणाच्या परवानगीशिवाय, गुण्यागोविंदाने राहतात हे बघून खात्याला कसंतरी झालं असावं.

दुसऱ्या दिवशी ती एस.टी.ने शिरूरला गेली. ओव्हरसियर बेहेरे चहा पीत होते. दीड तासाने चहा संपला.

"सायेब, उताराखाली आमची हीर हाय."

"पाऊस जूनमध्ये असतो. आत्ता नोव्हेंबर चाललाय."

"ह्ये गवत तवर ऱ्हात न्हाई."

"राहील. कागदावर तीन वर्षांची हमी आहे."

"कुणी दिली? गवतानं?"

मागच्या टेबलावरच्या कारकुनाला ठसका लागला. बेहेऱ्यांनी कपबशी बाजूला सारली.

"जास्त बोलू नकोस. एक गवत, एक उंची, एक रंग. आठ दिवसांनी मोठे साहेब येताहेत. त्यांनी बघितलं की उरलेली बाजूही साफ करायची. त्या पट्ट्यात वेगळी काडी दिसली, किंवा तू बी टाकताना दिसलीस, तर हजेरीपटावरून नाव कापीन. समजलं?"

 सरूबाईने टेबलाची कड धरली होती, ती सोडली.

त्या दिवशी काठातली कुसळं तिने उतारावर टाकली नाहीत. घरी आणून मूठभर चुलीत घातली. ती तडतडली. सहा पावसाळ्यांत पहिल्यांदाच. तडतड थांबेपर्यंत ती चुलीपुढून उठली नाही.

आठ दिवसांनी दोन जीपा पुलावर थांबल्या. नऊ माणसं उतरली. मोठे साहेब उंच, नीटनेटके, पॅंटची घडी सुरीसारखी. पहाटे पुन्हा चुना दिल्यामुळे दगड ओले होते. टोचलेलं गवत एव्हाना पिवळं पडलं होतं, पण सरळ रांगेत पिवळं पडलं होतं.

"खालून बघायला हवं," साहेब म्हणाले. "खाली उतरायची वाट कुठून आहे?"

बेहेऱ्यांनी तोंड उघडेपर्यंत सरूबाईने विळा उचलून दाखवला.

"हिकडून या, सायेब. हिकडून जवळ पडंल."

आणि काष्टा वर खोचून ती न खरडलेल्या निम्म्यात शिरली. तिच्यामागे साहेब शिरले, साहेबांमागे बेहेरे आणि बेहेऱ्यांमागे सगळं खातं. गवत मांडीएवढं होतं आणि दिवाळीनंतरच्या उन्हात पिकून टणक झालं होतं. वाट जवळची होती खरी, पण सरूबाईने ती जरा लांबवली. तरवडाला वळसा घातला, आघाड्यातून नेलं, पवन्याच्या ठोंबापाशी थांबून मागचे येईतो वाट बघितली. मागून कुणीतरी "आई गं" म्हणालं. तिने वळून बघितलं नाही.

टेरिकॉट हे कापड बहुधा कुसळासाठीच शोधून काढलेलं असावं. साहेब पलीकडे खरडलेल्या उतारावर निघाले तेव्हा घोट्यापासून मांडीपर्यंत त्यांच्या पॅंटला केस फुटले होते. मोज्यांचं तर साळिंदर झालं होतं.

"बेहेरे, हा काय प्रकार आहे?"

"सर, ही बाजू... ही अजून साफ करायची आहे, सर."

"उद्याच्या उद्या करा!"

रागाने साहेबांनी पाय आपटला. टाचेखालचा मुरूम सुटला, टोचलेल्या दोन काड्या सोबत घेऊन घरंगळत गेला आणि खाली विहिरीत डुबुक्‌ वाजलं. सगळ्यांनी ऐकलं. सरूबाईच्या हातातला विळा एकदा हलला आणि थांबला.

"बसा, सायेब," ती म्हणाली. "हितं दगडावर बसा. उभ्यानं न्हाई निघायची."

बोडक्या उतारावर, चुन्याच्या दगडांवर, नऊ जण ओळीने बसले आणि कुसळं उपसू लागले. कुसळ एका ओढीत येत नाही. फिरवून काढावं लागतं. थोड्याच वेळात साहेबांच्या मुठीत पेंढी जमली. ते इकडेतिकडे बघू लागले.

"कुठं टाकायची ही?"

"हिरीत नगा टाकू, प्यायचं पानी हाय. रस्त्याव बी नगं, मान्सं अनवाणी जात्यात. हितंच टाका, पायापाशी." ती थांबली. "आन् टाचंनं दाबा. न्हाईतर वाऱ्यानं परत अंगाव येत्यात."

साहेब शिस्तीचे होते. त्यांनी टाकली आणि दाबली. त्यांनी दाबली म्हणून सगळ्यांनी दाबली.

बेहेऱ्यांचा हात मात्र मध्येच थांबला. त्यांनी मुठीतल्या आघाड्याच्या दाण्यांकडे पाहिलं, मग साहेबांच्या टाचेकडे, मग सरूबाईकडे. ती त्यांच्याचकडे बघत होती, डोळ्याचं पातं न लववता.

"सर—"

"बोलू नका, बेहेरे. आटपा तुमचं. दाबा नीट."

बेहेऱ्यांनी दाबलं.

बाळासो मुकादम इतका वेळ बाजूला उभा होता. तो दोन पावलं पुढे आला, साहेबांच्या पाठीमागे वाकला आणि अदबीने म्हणाला,

"सायेब, जरा वर सरकून बसता का? मागल्या बाजूला लई हायेत. आन् तिकडची जागा अजून मोकळीच हाय."