मुकी चौकट

वीज कंपनीच्या तक्रार कक्षात तक्रारी नोंदवण्यात दादाचा हात धरणारं कुणी नव्हतं. डोळ्यांनी दिसत नसलं तरी कॉम्प्युटरवरचं सगळं एक यांत्रिक आवाज त्याला हेडफोनमधून वाचून दाखवायचा: नाव, पत्ता, खांबाचा नंबर.

त्याची धाकटी बहीण तिथेच प्रोग्रामर. तक्रारींचा जुना प्रोग्राम प्रत्येक मशीनवर वेगळा टाकावा लागे. तिने त्याचं प्लग-इन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा भाग, करून तो ब्राउझरच्या आतच चालवला. दिसायला अगदी तसाच. साहेबांनी पाठ थोपटली. दादानेही घरी आईजवळ तिचं तोंडभर कौतुक केलं.

आठवड्याभरात एक तक्रार चुकली. तुटलेली तार एका गल्लीत लोंबत होती आणि दुरुस्तीची गाडी गेली भलत्याच भागात. तारेला लागून एका बाईंचा हात भाजला. तक्रार दादाने नोंदवली होती.

धाकटी धावत त्याच्या टेबलापाशी गेली. "असं कसं झालं रे?"

त्याने हेडफोन काढून तिच्या कानांना लावला. "प्लग-इन," आवाज म्हणाला. पुढच्या रकान्यात जायला तिने टॅबची कळ दाबली. पुन्हा "प्लग-इन". नाव नाही, पत्ता नाही. डोळ्यांना दिसणारा अख्खा प्रोग्राम त्या आवाजाच्या लेखी एक मुकी चौकट होता.

"पहिल्या दिवसापासून असंच आहे?"

"हो. रकाने पाठ होते, अंदाजाने भरत होतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सगळे तुझं कौतुक करत होते गं. म्हटलं, जमेल."

"अरे, पण त्या बाईंचा हात..."

"माहितीये. घास उतरत नाहीये घशाखाली."

ती तडक साहेबांकडे गेली. चूक माझी आहे, त्याच्या मशीनवर जुना प्रोग्राम टाकू द्या, म्हणाली.

"एकट्यासाठी दोन-दोन गोष्टी कोण सांभाळणार?" साहेबांनी दादाला नुसते फोन उचलायला बसवलं. तो ऐकून सांगणार, शेजारच्या टेबलावरची सहकारी टाइप करणार.

धाकटीने खटपट करून रकान्यांमधला मजकूर त्या आवाजापर्यंत पोचवला. अडखळत का होईना, चौकट बोलू लागली. दादाने एक तक्रार भरून पाहिली, पत्ता पुन्हा ऐकला.

साहेब म्हणाले, "छान. बघू पुढे." दादा फोनवरच राहिला.

त्या संध्याकाळी दादा म्हणाला, "मला हात भाजलेल्या त्या बाईंकडे जायचंय. येतेस?"

बाईंनी दार उघडलं. हाताला पट्टी होती. "तुमच्या गल्लीतल्या तारेची तक्रार मीच घेतली होती," दादा म्हणाला.

"मग कुणी आलं का नाही?"

धाकटी पुढे होऊन सांगू लागली, ब्राउझर, प्लग-इन, हेडफोनमधला आवाज. बाई ऐकत होत्या. सांगता सांगता धाकटीच्याच लक्षात आलं, यातलं काहीही त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.