मुक्याचं पाणी

मी आमच्या गावच्या पाणी वापर संस्थेची संचालक आहे. म्हणजे ऑफिसच्या भिंतीवर, महिला राखीवच्या ओळीत, मालनबाई सर्जेराव असं माझं नाव रंगवलेलं आहे. मीटिंगला मला चहा झाल्यावर बोलावतात. ठराव तोवर झालेला असतो.

दिव्याचा ठराव असाच झाला. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. तलावात गुडघाभर पाणी उरलेलं, त्यावरच गावाचे टँकर भरायचे, आणि नेमकी तिथली मोटार चोरीला गेली. चोर बाहेरचा की गावातलाच, यावरून घराघरांत बोलणं बंद झालं. शेवटी अध्यक्ष बबनरावांनी नवी मोटार बसवली आणि तलावाच्या बंधाऱ्यावर सोलरचा उंच दिवा उभा केला. अंधार पडला की आपोआप लागणारा. राखणीला वाहेदला ठेवलं. पण वाहेदच चोरांना सामील झाला आणि दिवा बंद केला तर? म्हणून दिव्याचं बटणच काढून टाकलं. आमच्या गावचा विश्वास असा.

आमच्याकडे जुनी चाल होती. दिवेलागणीनंतर तलावावर कुणी जायचं नाही. घागर रिकामी असली तरी सकाळी भरायची. ते पाणी मुक्याचं, मुक्या जनावरांचं. माळावरून हरणं, ससे, कोल्हे उतरायचे, पिऊन निघून जायचे. दिवसा तिथं टँकर, कुत्री आणि माणसं, त्यामुळे त्यांना तेवढीच वेळ. आणि नेमका त्याच वेळेला दिवा लागायला लागला.

हरणं उजेडाच्या कडेपर्यंत येऊन थबकायची. मग वळून अंधारातल्या दुसऱ्या पाण्याकडे जायची. ते म्हणजे आमचं शेततळं. सर्जेरावांनी, माझ्या मालकांनी, मोसंबी जगवायला केलेलं. चारी बाजूंनी खडा उतार आणि आतून प्लॅस्टिकचा कागद. भोवतीची तारही चोरांनीच नेलेली. कागदावर पाय पडला की जनावर घसरायचं, आणि वर चढायला खुराला धरायला काहीच नाही. सकाळी जावं तर पाण्यावर फुगलेलं हरीण, आणि कागदावर ओरखडेच ओरखडे.

मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं. "भाऊ, दिवेलागणीला घटकाभर तरी दिवा बंद ठिवा. हरणं माज्या तळ्यात मरायलीत."

"वैनी, हरणाला मत हाय का?" बबनराव म्हणाले. सगळे हसले. सर्जेरावही हसले, ते मला जास्त लागलं.

"आन पुन्हा मोटार गेली तर गाव काय पिईल?"

मोटार गेली तेव्हा हंड्यासाठी मीही भांडले होते.

मग मी आपलं आपण ठरवलं. जुन्या दोराला गोणपाटं बांधली, जनावराला पाय टेकायला. दिवस मावळताना तळ्यावर गेले. दोर बांधायला खुंटी ठोकत होते, तोच पलीकडून घसरल्याचा आवाज आला. हरणाची एक मादी पाण्यात धडपडत होती. तिच्याकडे दोर टाकायला मी दोन पावलं खाली उतरले आणि दोरासकट घसरले.

पाणी गळ्याला लागलं. तळालाही कागदच, पाय ठरेना. वर चढायला जावं की पुन्हा खाली. नखं मोडली. हे तळं मी रोज काठावरून बघायची. आतून ते केवढं खोल आहे, ते तेव्हा कळलं.

"वाहेद! ए वाहेद!"

"कोन हाय बे?"

"मी, मालन! तळ्यात पडले!"

"वैनी, कुठं? कायबी दिसंना!"

त्यानं मला नंतर सांगितलं, त्या उजेडातून बाहेर बघितलं की पलीकडं सगळं काळंठिक्कर. मोटारीवर मुंगी चढली तरी दिसेल असा दिवा, पण दोन शेतांपलीकडची बाई दिसेना. तो चाचपडत आला. त्याचे हात मला पुरेनात. "दम धरा वैनी, मानसं आनतो," म्हणाला आणि गावाकडे पळाला.

मग आम्ही दोघीच. अंधार दाटला तशी मादी शांत झाली. थकून माझ्याजवळ आली. मी तिच्या पोटाखाली हात घातला तर तिचं काळीज हाताला लागत होतं. मी तिच्याशी काहीबाही बोलत राहिले. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण आता दोघीही निघू, असं वाटायला लागलं होतं.

गाव धावत आलं. प्रत्येकाच्या हातात बॅटरी नाहीतर मोबाईल, आणि सगळा झोत आमच्यावर. मादी थरथरायला लागली.

"बत्त्या बंद करा!" मी ओरडले. "आधी बत्त्या बंद करा!"

"आवं, दिसाया नको का?" बबनरावांचा आवाज आला.

तिनं एक जोराचा झटका दिला आणि माझ्या हातावर सैल पडली. डोळे उघडेच होते. मग मला वर ओढलं.

"मालन, लई लागलं का गं?" सर्जेराव विचारत होते. त्यांची बॅटरी माझ्या तोंडावर होती, त्यामुळे मला ते दिसतच नव्हते.

पुढच्या मीटिंगला मला चहाच्या आधी बोलावलं. संचालक बाईंचा जीव मोलाचा, म्हणून आमच्या तळ्यावरही तसाच दिवा लावायचा, असा ठराव आला. मी नको म्हणाले. "वैनी आजून घाबरलेल्या हायती," बबनराव म्हणाले, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

आता माझ्या तळ्यात हरीण पडत नाही. उपाय लागू पडला, असं बबनराव कडा गावच्या बाजारात सांगतात.

परवा वाहेद मला माळावर घेऊन गेला. एक हरीण पडलेलं होतं. अंगावर जखम नव्हती. तोंड तलावाकडे होतं.

"सांगायचं का बबनभाऊला?" त्यानं विचारलं.

"नगं," मी म्हटलं. "हितंबी दिवा लावतेल."